उणे अठरा

भुईंजला हायवे सोडला की आत, ऊसगाड्यांच्या वाटेला,
चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभा आहे तो:
चाळीस फूट, एकेकाळी पांढरा.
अंगावर कुठल्या कुठल्या बंदरांचे स्टिकर,
एक चिनी अक्षर, ज्याचा अर्थ मी कुणाला विचारला नाही,
आणि खालच्या कोपऱ्यात समुद्राचा गंज,
कृष्णेकाठी येऊनही खातच राहिलेला.

न्हावाशेव्याहून जुनाच घेतला.
दस्तगीर मुजावर म्हणाला होता,
"बैल घेताना दात बघतात, ताई,
रीफर घेताना दाराचं रबर बघायचं."
दारात दहाची नोट धरून त्यानं दार लावलं,
खांब आवळले, ओढली.
नोट आली नाही.
मी पैसे मोजले.

तेव्हापासून दर सोमवारी मी नोट ओढते,
चारही कडांना, अकरा ठिकाणी.
एकदा वरच्या डाव्या कोपऱ्यातून ती अलगद सुटून आली,
खिशातून यावी तशी,
आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
आत साडेनऊ टन स्ट्रॉबेरीचा गर,
पुण्याच्या आइस्क्रीमवाल्याचा,
ज्याची उचल घेऊन खर्चूनही झालेली.

वहीत आकडा तीनदा: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा.
उणे अठरा. उणे अठरा. उणे सतरा पॉइंट सहा.
सुगंधा उणेची रेघ विसरते.
अगं, त्या रेघेवर तर आपली चूल आहे!
ती हसते, पेन्सिलीनं रेघ ओढते,
जरा जास्तच लांब.

क्रेट लाल पट्टीच्या वर जाऊ द्यायचे नाहीत,
वारा फिरायला हवा.
निचऱ्याच्या भोकांत तार घालायची.
तेलाची काच अर्धी भरलेली दिसली पाहिजे.
वीज गेली तर आधी जनरेटर, मग शिव्या.

"थंडी कुठलं मशीन बनवत नाही," दस्तगीर सांगतो,
"आतली ऊब उचलतं नि मागं टाकतं,
केर काढल्यासारखं."

मागं टाकलेल्या त्या ऊबेत
हैबतीमामा रात्री मफलर वाळवायचे, पायमोजे वाळवायचे.
डिसेंबरात धुकं पार शेडच्या पत्र्यापर्यंत येतं.
मामा खुर्ची तिकडंच ओढायचे
आणि पहारा द्यायचे पाठीनं.

एके पहाटे तीनला भोंगा वाजला.
पाटीवर उणे अकरा.
कंप्रेसर धापा टाकून बंद पडायचा, पुन्हा उठायचा.
साताऱ्याच्या एमआयडीसीतून दस्तगीर मोटरसायकलवर आला,
भुवयांवर दव,
मागची जाळी खोलली, बॅटरी मारली
आणि गप्प बसला.

गंजलेला खालचा पत्रा सरकवून
आत कुत्री शिरली होती.
चार पिलं, डोळे न उघडलेली,
आणि कॉइलभर तिचे केस,
घोंगडीसारखे बसलेले, थरावर थर.
वारा जाणार कुठून?

मामांनी पिलं मफलरात घेतली.
कुत्री गुरगुरली, मग त्यांचा हात हुंगून थांबली;
पायमोज्यांचा वास ओळखीचा असणार.
दस्तगीरनं पिशवीतून कंगवा काढला,
वाकलेल्या पात्या सरळ करायचा, बारीक दातांचा,
आणि एकेक ओळ विंचरली
सकाळपर्यंत.

उणे बारा. उणे तेरा, बऱ्याच वेळानं.
रिकाम्या क्रेटमध्ये पोतं घालून
पिलं गरम वाऱ्याच्या वाटेत ठेवली, हातभर लांब.
चहा झाला. त्यानं मजुरी घेतली, पेट्रोल घेतलं नाही.

वहीत "कारण" असा रकाना आहे.
मी लिहिलं: कुत्री व्यायली.
"उपाय": जाळी बसवली, पत्रा वेल्ड केला.

मार्चमध्ये कंपनीचा माणूस तपासणीला आला.
त्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं,
"किती?"
चार, म्हटलं.
त्यानं पान उलटलं.

त्या सोमवारी नोट ओढायची राहिली होती,
ते मात्र वहीत नाही.